नऊ नंबर

नऊ नंबरला ऐकू येत नव्हतं.
फाइलवर तसं कुणी लिहिलं नव्हतं.
फाइलवर एवढंच: पुंडलिक वडनेरे, वय एकाहत्तर,
तांबट आळी, ऑक्सिजन ब्याऐंशी.

डॉक्टर राउंडला ओरडून विचारायचे, बाबा, जेवलात का?
तो बघत राहायचा आमच्या तोंडाकडे,
म्हणजे तोंड असायला हवं तिथे.
पन्नास वर्षं तांब्याच्या पत्र्यावर हातोडा चालवून कान गेलेले,
पुढचा सगळा संसार ओठ वाचून केलेला,
आणि इथे भरल्या वॉर्डात
एकालाही ओठ नाहीत.

मी कागदावर लिहून धरलं.
चष्म्यावर त्याचीच वाफ.
बोलता यायचं त्याला, पण श्वास पुरायचा नाही.
शेवटी त्यानंच जेवणाचा चमचा घेतला
आणि कॉटच्या दांडीवर वाजवून, बोटांनी खुणा करून समजावलं.
एक ठोका, पाणी.
दोन, दुखतंय.
तीन, पोराचा फोन आला का.

मी उत्तर ठोकायचे. दांडीवर तळवा ठेवून
तो ते घ्यायचा, डोळे मिटून.
एकदा मास्क उचलून म्हणाला,
"मनगट सैल ठेव, पोरी.
ठोका मारायचा नसतो, पडू द्यायचा असतो."
मी रागावले. मास्क परत बसवला. पट्टा घट्ट केला.
घामानं हातमोज्यात बोटं पांढरी पडलेली,
सहा तास झाले होते लघवीला जाऊन,
आणि हा मला मनगट शिकवतोय.

ती रात्र.
आधीच तीन गेले होते. मी दोन नंबरचा सिलेंडर बदलत होते,
नट फिरत नव्हता, पाना सटकत होता,
आणि मागून, लांबून, दांडीवर
एक.

मी म्हणाले, "आले."

बहिऱ्या माणसाला.
मास्कच्या आतून. वॉर्डच्या दुसऱ्या टोकाकडून.
पाठ वळवलेली असताना.
आले म्हणाले, आणि नट फिरवत राहिले.
दोन नंबर वाचला. सिन्नरला असतो, दिवाळीला फोन करतो.

पहाटे चार दहा.
चिकटपट्टीवर नाव लिहिलं मार्करनं,
हाताला सॅनिटायझर होतं, 'वडनेरे'तला 'व' पसरला.
पुन्हा लिहिलं.
पिशवीत चष्मा, कवळी, फोन, वीस रुपयांची नोट.
चमचा दवाखान्याचा होता. तो ट्रेमध्ये गेला.
दुसऱ्या दिवशी त्यानं कुणीतरी खिचडी खाल्ली असणार.

गेटवर त्याचा मुलगा, कंपनीच्या शर्टातच.
"काही म्हणाले का शेवटी?"
"शांत गेले," मी म्हणाले.
त्या महिन्यात हे वाक्य
मी सुईसारखं टोचत होते,
न दुखता, सरावानं.

भद्रकालीत भाजी घ्यायला जाते मी,
पण दोन वर्षं त्या आळीवरून गेले नाही.
परवा रस्ता खणलेला होता म्हणून वळले.
आता दोन-तीनच दुकानं ठोकतात तिथे.
एक म्हातारा मांडीशी तांब्या धरून
मठारत होता. मनगट सैल.

मी तांब्या घेतला. गरज नव्हती.
"नाव घालायचं का?" त्यानं विचारलं.
मी काहीतरी म्हणाले.
त्यानं कानाला हात लावला,
मग माझ्या तोंडाकडे बोट केलं:
"ते काढा बाई. ओठ दिसले पाहिजेत."

बाजारात आता कुणीच मास्क लावत नाही.
मी लावते.
मी तो हनुवटीखाली ओढला.
त्याचे डोळे माझ्या ओठांवर येऊन थांबले,
तसेच.

"आले," मी म्हणाले.

त्यानं जरा वेळ वाट पाहिली, पुढचं काही येतंय का म्हणून.
मग पायानं स्टूल पुढे सरकवलं,
"बसा," म्हणाला,
आणि ठोकायला लागला.